ड्रॅगन, तर्जुमान आणि आजीचं लांबडं

दुबईच्या अल करामा भागात वर्षानुवर्षं राहणाऱ्या मराठी माणसाच्याही सहसा ध्यानात येत नाही की आपल्या पत्त्यातच आपल्या भाषेतला एक शब्द बसलेला आहे. अरबी ‘करामा’ म्हणजे मान, प्रतिष्ठा, आब. करीम, अक्रम, इक्राम ही नावं त्याच धातूतून निघाली. हिंदी सिनेमातली कव्वाली ज्या ‘करम’ची याचना करते तोही तिथलाच, आपल्या कर्माशी त्याचा काडीचा संबंध नाही. याच शब्दाला अरबीत आणखी एक अर्थ आहे: अवलियाच्या हातून ईश्वरी कृपेनं घडणारी अद्भुत गोष्ट. पैगंबरांचा तो ‘मुअजिजा’, वलींची ती ‘करामत’. हा दुसरा अर्थ फारसीमार्गे मराठीत आला आणि येता येता त्याचं तेज उतरलं. आता पोरानं बंद पडलेला मिक्सर चालू केला तरी ‘काय करामत केलीस रे!’ आणि चालू असलेला बंद पाडला तरी तेच वाक्य, फक्त सूर निराळा.

हे आठवायचं कारण असं की आमच्या इमारतीतली आठवी-नववीची पोरं सध्या करामतींच्याच पुस्तकांत बुडालेली असतात. लिफ्टपाशी, शाळेच्या बसची वाट बघताना, हातात जाडजूड ग्रंथ आणि मुखपृष्ठावर ड्रॅगन. ख्रिस्तोफर पाओलिनीचं ‘एरागॉन’ आणि त्याचे पुढचे खंड, क्रेसिडा कॉवेलची ‘हाउ टु ट्रेन युअर ड्रॅगन’ मालिका, टुई सदरलंडची ‘विंग्ज ऑफ फायर’. या शेवटच्या नावावरून एका घरात गंमत झाली. नातवाला ‘विंग्ज ऑफ फायर’ हवंय असं कळल्यावर पुण्याच्या आजोबांनी मोठ्या कौतुकानं अब्दुल कलामांचं ‘अग्निपंख’ पाठवून दिलं. नातवानं तेही वाचलं, म्हणतात.

आईबापांची तक्रार एकच: सगळे एकाच साच्यातले गणपती. एक पोरका मुलगा. त्याला सापडलेलं अंडं. कुणीतरी कधीकाळी वर्तवलेलं भाकीत. पांढऱ्या दाढीचा गुरू, आणि तो ऐन मोक्याला मरणार हे ठरलेलं. तक्रार खोटी नाही. पाओलिनीनं ‘एरागॉन’ लिहायला घेतलं तेव्हा तो १५ वर्षांचा होता. २००२ साली घरच्यांनी पदरमोड करून ते छापलं आणि २००३ मध्ये नॉफ या बड्या प्रकाशनसंस्थेनं ते उचललं. पंधराव्या वर्षी माणूस आपण वाचलेलं आणि पाहिलेलंच लिहितो. त्यातली टोल्किनची आणि ‘स्टार वॉर्स’ची उसनवारी समीक्षकांनी तेव्हाच दाखवून दिली. नायकाचं नावसुद्धा ‘ड्रॅगन’मधलं इंग्रजी ‘डी’ काढून तिथे पुढचं ‘ई’ ठेवून बनवलेलं आहे.

पण साचा म्हणून नाक मुरडण्याआधी आपल्या जुन्या काव्यशास्त्राकडे एकदा पाहावं. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला कनौजच्या दरबारात असलेल्या राजशेखरानं ‘काव्यमीमांसा’ लिहिली. आपला पणजोबा महाराष्ट्राचा चूडामणी होता असं हा अभिमानानं सांगणारा माणूस. त्यानं कवींच्या ठरलेल्या लकबींची यादीच दिली आहे: चकोर चांदणं पितो, कीर्ती पांढरी असते आणि अपकीर्ती काळी, चक्रवाकाच्या जोडीची रात्री ताटातूट होते. यांना त्यानं नाव दिलं ‘कविसमय’. इथे समय म्हणजे वेळ नव्हे. सम् अधिक इ, म्हणजे एकत्र येणं. त्यावरून करार, ठराव. ठरवून भेटायचं तर वेळही ठरवावी लागते, म्हणून पुढे समय म्हणजे वेळ झाली. तेव्हा कविसमय म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यातला करार. चकोर खरोखर चांदणं पितो का, असं विचारायचं नाही. मराठी समीक्षेत आपण ‘संकेत’ म्हणतो त्याचीही जात हीच. प्रेमिकांनी भेटायला ठरवलेली जागा म्हणजे संकेतस्थळ; त्या बिचाऱ्या शब्दाला आता संगणकाच्या पडद्यावर नोकरी लागली आहे.

तर ड्रॅगनच्या गोष्टीतले करार तपासून पाहू. पहिला करार ड्रॅगनशीच.

ग्रीक ‘द्राकोन’, लॅटिन ‘द्राको’, फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘ड्रॅगन’. या ग्रीक शब्दाचा संबंध बहुतेक अभ्यासक ‘देर्कोमाइ’, म्हणजे रोखून पाहणं, या क्रियापदाशी जोडतात. आणि ते क्रियापद आपल्या ‘दृश्’चं सख्खं भावंड आहे. संस्कृतात ‘ददर्श’, ग्रीकमध्ये ‘देदोर्का’. शेजारी शेजारी ठेवले तर कुणालाही तोंडवळा ओळखू यावा. म्हणजे दर्शन, दृष्टी, दृष्ट लागणे आणि ड्रॅगन हे एकाच गोतातले. ड्रॅगन म्हणजे टक लावून पाहणारा. जैन कथेत महावीरांना डसणारा चंडकौशिक नाग ‘दृष्टिविष’ आहे. त्याच्या नुसत्या नजरेनं समोरचा जळून जातो. तोंडातून आग ओकणाऱ्या पश्चिमेच्या ड्रॅगनपेक्षा हा मला जास्त भयंकर वाटतो.

टक लावून पाहायचं ते कशाकडे? तर धनाकडे. टोल्किनच्या १९३७ सालच्या ‘हॉबिट’मधला स्मॉग सोन्याच्या ढिगावर लोळतो. त्याच्याही आधी उत्तर युरोपातल्या जुन्या कथांमधला फाफ्निर हावेपायी ड्रॅगन होऊन सोनं राखत बसतो. आपल्याकडे चिक्कू म्हातारा मेला की आळीतल्या बाया म्हणतात, आता भुजंग होऊन बसेल धनावर. कुणी कुणाचं उचललं याचा शोध घेण्यात अर्थ नाही. पुरलेलं धन, जमिनीतलं बीळ आणि बिळातून निघणारा साप इतकं सगळीकडेच होतं.

सापाला मारण्याची कथा तर याहून जुनी. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या बत्तिसाव्या सूक्तात इंद्र ज्याला मारतो तो वृत्र ‘अहि’ आहे: डोंगरावर पसरलेला, पाणी अडवून बसलेला. आपण अजूनही ‘अहिनकुल वैर’ म्हणतो ते याच अहीच्या नावानं. अवेस्तात तो ‘अझि’ होतो, तिथला तीन तोंडांचा ‘अझि दहाक’ पुढे फारसीत ‘अझदहा’ बनतो, आणि करामात एखाद्या लाहोरच्या शेजाऱ्याला विचारलं तर तो ड्रॅगनला आजही अझदहाच म्हणेल. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी १९९५ साली ‘हाउ टु किल अ ड्रॅगन’ नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला. ‘त्यानं सर्पाला मारलं’ हे वाक्य वेदांपासून ग्रीक आणि जर्मानिक कवींपर्यंत जवळजवळ ठरलेल्या घडणीत कसं चालत आलं, ते त्यात त्यांनी शब्द न् शब्द उकलून दाखवलं. पाओलिनीवर चोरीचा खटला भरायचा तर आरोपींच्या पिंजऱ्यात बरीच गर्दी होईल.

अरबीत ड्रॅगनला ‘तिन्नीन’. दुबईकर ते नाव बाजारामुळे ओळखतात. २००४ साली उघडलेलं ड्रॅगन मार्ट, चिनी मालाचं ते अजस्र दुकानकेंद्र, अरबीत ‘सूक अल तिन्नीन’ आहे. आभाळातही हा तिन्नीन आहे. कालेय तारकासमूहातला एक तारा ‘एल्तानिन’, आणि त्याच समूहातला दुसरा ‘थुबान’, म्हणजे अरबी ‘सुअबान’, साप. पिरॅमिडं बांधली जात होती त्या सुमाराला ध्रुवताऱ्याची जागा या थुबानकडे होती.

आता जरा आडवळण घेतो, कारण ते करामातूनच जातं. इंग्रजीत ‘ड्रॅगोमन’ असा एक जुना शब्द आहे. तो दिसतो ड्रॅगनचा चुलतभाऊ, पण रक्ताचं नातं शून्य. तो आला अरबी ‘तर्जुमान’वरून, अर्थ दुभाषा. ऑटोमन दरबारात युरोपी वकिलांची बोलणी हे ड्रॅगोमन करत. रायगडावर १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन आला तेव्हा इंग्रजांच्या वतीनं बोलणी करणारा नारायण शेणवी हा आपल्या बाजूचा ड्रॅगोमन म्हणायला हरकत नाही. याच अरबी मुळापासून आपला ‘तर्जुमा’ आला. करामात टायपिंग सेंटरांच्या रांगेत लग्नाचे, जन्माचे दाखले अरबीत करून घ्यायला माणसं उभी असतात. त्या दुकानांवर अरबीत लिहिलेलं असतं ‘तर्जमा कानूनिया’. ते ज्याला वाचता येत नाही त्या सातारकरालाही, कुणी वाचून दाखवलं तर, दोन्ही शब्द कळतात. तर्जुमा आणि कानून. अरबी शिकायची राहून गेली म्हणून हळहळणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

अंड्याकडे वळू. ‘एरागॉन’मधलं निळं अंडं आपल्या स्वाराचा हात लागेपर्यंत फुटतच नाही. महाभारताच्या आदिपर्वात कद्रू आणि विनता या सवतींची अंडी अशीच पाचशे वर्षं पडून असतात. कद्रूची फुटून हजार नाग निघतात. विनतेला धीर निघत नाही, ती एक अंडं फोडते. अर्धाच घडलेला अरुण बाहेर येतो आणि आईला शाप देतो. दुसरं अंडं वेळेवर फुटतं, त्यातून गरुड. दोघांत फरक एवढाच की अंडं केव्हा फुटावं हे पाओलिनीकडे नायकाच्या नशिबावर ठरतं आणि महाभारतात आईच्या धीरावर. महाभारताचा हिशेब मला जास्त पटतो. आपण तर सगळ्या विश्वालाच ‘ब्रह्मांड’ म्हणतो, ब्रह्मदेवाचं अंडं.

अंड्यातून वाहन निघालं की स्वार लागतो. ‘स्वार’ हा फारसी ‘सवार’, आणि त्याचं प्राचीन रूप ‘असबार’, म्हणजे ज्याला घोडा वाहून नेतो तो. त्यातला ‘अस’ आपला अश्व आणि ‘बार’ म्हणजे भार. तेव्हा ‘ड्रॅगनस्वार’ म्हणताना आपण नकळत ड्रॅगनला खोगीर चढवतो. नववीतल्या एका पोराला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “पण काका, रायडर ड्रॅगनचा मालक नसतो. ड्रॅगन त्याला निवडतो.”

पोरानं नेमकी दुखरी नस पकडली. मराठी फौजेत स्वारांचे दोन वर्ग. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचं तो शिलेदार. शब्द अरबी ‘सिलाह’, हत्यार, यावरून. ज्याला सरकारी पागेतला घोडा मिळतो तो बारगीर. शिवाजी महाराजांनी बारगिरांच्या पागेवर भर दिला, कारण घोडा सरकारचा असला की स्वारही सरकारचा राहतो. शिलेदार स्वतःच्या मर्जीचा, रुसला तर घोडा घेऊन घरी. आता एरागॉन कोण? सफिरा, म्हणजे त्याची ड्रॅगन, त्याच्या मालकीची नाही, म्हणजे तो शिलेदार नाही. कुठल्या राजाच्या पागेतली नाही, म्हणजे तो बारगीरही नाही. अ‍ॅन मॅकॅफ्रीच्या १९६८ सालच्या ‘ड्रॅगनफ्लाइट’मध्येही पिल्लू अंड्यातून निघाल्या निघाल्या आपला माणूस हेरतं आणि जन्माची गाठ पडते. इथे घोडाच स्वार निवडतो. आपल्या दप्तरात अशा स्वाराला शब्दच नाही, आणि मला वाटतं या पुस्तकांवर पोरं का जीव टाकतात त्याचं उत्तर इथे आहे. चौदाव्या वर्षी शाळा, क्लास, विषय, देश, सगळं आईबापांनी निवडलेलं असतं. कुणीतरी आपल्याला, आपल्याला म्हणून निवडावं, ही भूक त्या वयाची आहे.

स्वाराची स्वारी झाली आणि स्वारीचा मराठीत नवरा झाला. ‘इकडची स्वारी गावाला गेली आहे’ असं म्हणणाऱ्या बायका माझ्या लहानपणी होत्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून ‘स्वारी’, ‘इकडून’, ‘अहो’. इथून आपण ड्रॅगनकथांच्या सगळ्यात मोठ्या करारापाशी येतो: खरं नाव. ज्याचं खरं नाव तुम्हाला ठाऊक, त्याच्यावर तुमची सत्ता. उर्सुला ले ग्विननं १९६८ मध्ये ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’त हा करार फार गंभीरपणे पाळला. तिथे माणूस आपलं खरं नाव फक्त जिवलगाला सांगतो. पाओलिनीनं तो पुढे चालवला, पण त्याच्या मालिकेत नावांची इतकी रेलचेल होते की शेवटी धाक कमी आणि शब्दकोश जास्त वाटतो. हे माझं मत. पोरं माझ्याशी भांडतात.

नावाचा धाक आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको. बाळाचं पत्रिकेतलं नावरस नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं. नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्याच्या कोंदणात, तेही चारचौघांनी आग्रह केल्यावर. करामात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हे अजून चालतं. एरवी दिवसभर नवऱ्याला नावानं हाका मारणारी मुलगी त्या संध्याकाळी तेच नाव घेताना लाजते.

आणि साप! आमच्या कोकणातल्या आजीनं दिवे लागल्यानंतर ‘साप’ हा शब्द कधी उच्चारला नाही. ते ‘जनावर’ असे, ‘लांबडं’ असे, ‘किरडू’ असे. ‘पडवीत लांबडं शिरलंय’ म्हटलं की घरातली माणसं उठून कंदील घेत, काय शिरलंय असं कुणी विचारत नसे. कुठे त्याला ‘जिवाणू’ही म्हणत, तो शब्द आता शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकानं जंतूंसाठी नेला. साप चावला असंही म्हणायचं नाही, ‘पान लागलं’ म्हणायचं. नाव घेतलं की तो येतो, हा त्यामागचा करार. रशियन लोकांनी अस्वलाबाबत हेच केलं. अस्वलाचं मूळ नाव त्यांच्या भाषेतून पार बुजलं आणि उरलं ‘मेद्वेद’, मध खाणारा. त्यात आपला ‘मधु’ आहे आणि ‘अद्’ही. संस्कृतात ते मूळ नाव ‘ऋक्ष’ म्हणून टिकलं; आपल्या पूर्वजांना बहुधा अस्वलापेक्षा सापाचं भय जास्त होतं.

उरलेले करार झटपट. गुरू: मूळ अर्थ जड, वजनदार, लॅटिन ‘ग्राविस’ त्याचा भाऊ. कथेत गुरू मरावाच लागतो, कारण तो असेतोवर शिष्य लघूच राहणार. इंग्रजीतला ‘मेंटॉर’ तर होमरच्या ‘ओडिसी’तल्या एका पात्राचं विशेषनाम आहे, जसं बाणभट्टाच्या नायिकेचं नाव कादंबरी आणि आपण तेच एका अख्ख्या वाङ्मयप्रकाराला देऊन बसलो. बोलणारा पोपट कथा सांगतो, पात्रं पुनर्जन्म घेतात, असल्या पुस्तकावरून ज्या भाषेनं ‘कादंबरी’ हा शब्द घेतला, तिनं अद्भुतकथेला पोरखेळ म्हणावं हे जरा चमत्कारिकच.

भाकिताची गोष्ट पाखरांची आहे. संस्कृतात ‘शकुन’ म्हणजे आधी पक्षी, मग पक्ष्यावरून पाहायचं शुभाशुभ. लॅटिनमध्येही पक्षी पाहणं यावरूनच इंग्रजी ‘ऑस्पिशस’ निघाला. अरबीत ‘ताइर’ म्हणजे पक्षी आणि दैवही. त्याच धातूचा आधुनिक शब्द ‘तयरान’, म्हणजे उड्डाण, आणि एमिरेट्स कंपनीचं अरबी नाव ‘तयरान अल इमारात’. मुंबईहून आपण इथे येतो ते शब्दशः शकुनाच्या पंखांवर.

या सगळ्यावर माझं म्हणणं एवढंच. ठरावीक करार पाळले म्हणून पुस्तक वाईट होत नाही; करार पाळला आणि त्याची किंमत मोजली नाही, तर होतं. ‘विंग्ज ऑफ फायर’मध्ये भाकीत आहे, अंडी आहेत, सगळं ठरीव आहे, पण कथा ड्रॅगनांच्या डोळ्यांनी सांगितली आहे आणि माणसं तिथे उष्टं-खरकटं धुंडाळणारे किरकोळ प्राणी. नजरेचा शब्द नजरेला परत मिळाला. मराठीत कुणी ड्रॅगनची मालिका लिहायला घेतली, तर त्याला परदेशातून अंडं मागवायची गरज नाही. धनावरचा भुजंग, दृष्टिविष नाग, नावरस नाव, पागा आणि शिलेदार, सगळा माल घरात पडून आहे. फक्त त्या ड्रॅगनचं नाव रात्री घ्यायचं नाही, एवढा करार पाळावा.

शेवटी वाचकांना एक विनंती. तुमच्याकडे, विशेषतः सिंधुदुर्ग, कोल्हापूर, विदर्भ, बेळगाव आणि गोव्याकडच्या घरांत, दिवेलागणीनंतर सापाला काय म्हणत ते लिहून कळवा. शब्द, गाव आणि कुणाच्या तोंडून ऐकला, एवढं पुरे. ते शब्द वापरणाऱ्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत, तेव्हा कळवायला उशीर करू नका.